कपाटातले बावीस अंश

"आत किती आहे, बाबा?"

रोज संध्याकाळी सात वाजता फोन वाजायचा आणि पहिला प्रश्न हाच यायचा. तब्येत, जेवण, गुडघे यांची चौकशी त्यानंतर. बाबा खिशातली चिठ्ठी काढायचे, चष्मा नाकावर सारायचे आणि वाचायचे, "बावीस."

"आजपण बावीस?"

"आजपण."

"आणि बाहेर?"

"बाहेर दोन." हे सांगताना त्यांचा आवाज एकदम खणखणीत व्हायचा, कारण हे खरं असायचं.

"बघा! शेगडी नाही, हीटर नाही, काही नाही. घर नीट बांधलं की घरच माणसांना सांभाळतं. आईला द्या ना जरा."

आई फोन घ्यायची. तिने एकावर एक दोन स्वेटर, त्यावर नवऱ्याचा जुना कोट आणि पायांत लोकरी मोज्यांचे तीन जोड चढवलेले असायचे. हातमोज्यांमुळे फोन दोनदा निसटायचा. "हो गं टिल्ले, छान ऊब आहे," ती म्हणायची, आणि दात वाजू नयेत म्हणून एकेक शब्द सावकाश, तोलून उच्चारायची. पलीकडे टिल्लीला वाटायचं, आई वयाबरोबर किती शांत होत चालली आहे!

टिल्ली हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती वर्गात सगळ्यांत बुटकी होती. आता ती वडिलांपेक्षा चार बोटं उंच झाली होती आणि या डोंगराळ गावापासून दोन दिवसांच्या प्रवासावर, सपाटीवरच्या एका भाजून काढणाऱ्या शहरात आर्किटेक्ट होती. बाबांनी तिच्या खोलीतला पारा विचारला की ती सांगायची, सव्वीस. विजेशिवाय गार राहणाऱ्या इमारती ही तिची खासियत. तिने बांधलेल्या शाळेत भर उन्हाळ्यात मुलं पंख्याविना बसत. तिने बांधलेल्या दवाखान्यातून बरे झालेले पेशंट घरी जायला कुरकुर करत. मासिकांत तिचे फोटो यायचे आणि आई ते कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवायची.

फोटो यायचे, टिल्ली मात्र तीन वर्षांत आली नव्हती. एका कामातून दुसरं निघायचं, रजा मंजूर व्हायची आणि पुन्हा नामंजूर व्हायची.

मग रस्ता रुंद करायचा ठरला आणि त्यात गावाच्या एका टोकाची एकेचाळीस घरं गेली. निरीक्षकांचं जुनं घर त्यातलंच एक. निरीक्षक म्हणजे बाबा. चौतीस वर्षं त्यांनी टेकडीवरच्या वेधशाळेत पारा बघून वहीत लिहिण्याचं काम केलं होतं, सकाळी साडेआठला एकदा आणि संध्याकाळी साडेपाचला एकदा. गाव त्यांना निरीक्षकच म्हणायचं, आणि रागावली की बायकोसुद्धा. टिल्ली जन्मली त्या सकाळी ते दवाखान्यात उशिरा पोहोचले, कारण साडेआठचा पारा बघायचा राहिला होता. "मुलीचं वजन किती होतं विचारलं तर आठवत नाही," आई अजून सांगायची. "पारा किती होता ते मात्र लगेच सांगतील. उणे तीन!"

जुनं घर म्हणजे दोन बुटक्या खोल्या, मध्ये लोखंडी शेगडी आणि धुराने काळं झालेलं छत. ते पडायचं ठरल्यावर टिल्लीचा फोन आला. "नवं घर मी काढणार. तुम्ही काही बोलायचं नाही."

पंधरा दिवसांत नकाशे आले. बाबांनी ते जेवणाच्या टेबलावर उलगडले. शेजारचे सुतारकाका मुद्दाम बघायला आले. उत्तरेला भिंतभर मोठमोठ्या खिडक्या होत्या. दक्षिणेला तळहाताएवढ्या दोन, आणि त्यांच्यावरही ऊन पडू नये म्हणून माणूस झोपेल एवढा रुंद छज्जा. आतल्या भिंती जाळीच्या, म्हणजे वारा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत मोकळा फिरेल. छप्पर पांढरंशुभ्र. आणि बैठकीच्या बरोबर मधोमध छपरातून वर गेलेला एक चौकोनी मनोरा, चारी बाजूंनी फटी असलेला. वरून जाणारा वारा पकडायचा आणि खाली बैठकीत सोडायचा, हे त्याचं काम.

सुतारकाका बराच वेळ मनोऱ्याकडे बघत राहिले. "निरीक्षक, ही विहीर उलटी का काढलीय?"

बाबांनी पेन्सिल उचलली. समासात त्यांना इतकंच लिहायचं होतं, की इथे वारा उत्तरेकडून येतो, पाच महिने येतो, आणि तो पकडून घरात आणावा लागत नाही, तो स्वतःच येतो. तेवढ्यात आईने त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

"एक अक्षर लिहायचं नाही."

"अगं, पण वाऱ्याची दिशा..."

"पोरगी तीन वर्षं घरी आलेली नाही. स्वतः काढलेलं घर बघायला तरी येईल की नाही? वाऱ्याला म्हणावं, तू दिशा बदल."

घर उभं राहिलं. उन्हाळ्याच्या शेवटी दोघं राहायला गेली तेव्हा ते खरोखरच सुंदर होतं. दुपारी मनोऱ्यातून हलकी झुळूक उतरायची आणि टेबलावरचा कागद जागच्या जागी थरथरायचा. टिल्ली मात्र बघायला आली नाही. एका नव्या ग्रंथालयाचं काम निघालं होतं. "थंडीत येते, नक्की," ती म्हणाली.

तिच्याआधी थंडी आली. पहिल्या उत्तरेच्या वाऱ्याबरोबर टेबलावरचा कागद उडाला, मग टेबलक्लॉथ उडाला, आणि तिसऱ्या दिवशी बाबांची टोपी बैठकीतून उडून जाळीच्या भिंतीवर जाऊन चिकटली. घरातला पारा अकरावर आला. त्या संध्याकाळी सात वाजता फोन वाजला.

"बाबा, आत किती आहे? खरं सांगू, मला आठवडाभर झोप नाही. मी असं घर थंड गावात कधी बांधलेलं नाही. काही चुकलं असेल तर?"

बाबांनी अकरा म्हणायला तोंड उघडलं. समोर आई उभी होती. दोन्ही हात जोडून नुसती बघत राहिली.

"बावीस," बाबा म्हणाले.

पलीकडे टिल्ली इतकी हसली, की हसता हसता तिचा आवाज ओला झाला. बाबांनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत बसून राहिले. चौतीस वर्षांत त्यांनी पाऱ्याबद्दल अर्ध्या अंशाचंही खोटं लिहिलं नव्हतं.

त्या रात्री त्यांना अन्न गेलं नाही. सकाळी ते थर्मामीटर घेऊन उठले आणि घरात बावीस अंश कुठे आहेत ते शोधू लागले. बैठकीत नऊ होते. झोपायच्या खोलीत दहा, न्हाणीघरात सात. दोन दिवस शोधल्यावर सापडले ते स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या कपाटात, पहिल्या फळीवर, कपांच्या मागे. आईने संध्याकाळचा चहा केला की साडेसहाला तिथे बरोबर बावीस अंश भरायचे. बाबांनी ते चिठ्ठीवर लिहून घेतले आणि त्यांच्या जिवात जीव आला. टिल्ली रोज 'आत' किती म्हणून विचारत होती. कशाच्या आत, हे तिने विचारलेलं नव्हतं.

तरीही मन खात होतं. म्हणून त्यांनी एक जाडजूड वही आणली आणि चारी खोल्यांचा खरा पारा दिवसातून सहा वेळा त्यात लिहायला सुरुवात केली. ही वही कुणाला दाखवायची नव्हती. ती फक्त रात्री झोप लागावी म्हणून होती.

हिवाळा चढत गेला. एकदा टिल्लीने चेहरा बघायचा हट्ट धरला, तेव्हा आईने सगळ्या स्वेटरांवरून उन्हाळ्यातला पातळ फुलाफुलांचा झगा ओढून घेतला आणि फोनसमोर बसली.

"अगं आई, केवढी जाड झालीस!"

"घर मानवलं गं," आई म्हणाली.

इथवर सगळं निभलं असतं. पण टिल्ली त्या बावीसांचा आलेख काढत होती. बाहेरच्या पाऱ्याची रेघ घसरत घसरत पार शून्याखाली गेलेली, आणि घराची रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ. तो आलेख तिने ऑफिसात थोरल्या साहेबांना दाखवला. थोरले साहेब गोल, घामेजलेले आणि उत्साही होते. आयुष्यात त्यांनी कधी स्वेटर विकत घेतला नव्हता. ते आलेखाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, हे तर अद्भुत आहे." आठवड्याभरात त्यांनी त्या गावात रस्त्यापायी घर गेलेल्या उरलेल्या चाळीस कुटुंबांसाठी चाळीस घरांचा प्रस्ताव तयार केला. अगदी असंच घर, मनोऱ्यासकट. तो मंजूरही झाला. पाया खणण्याआधी साहेब स्वतः घर बघायला येणार होते.

"आणि मीपण येतेय, आई!" टिल्ली फोनवर ओरडली. "गुरुवारी! पूर्ण दोन दिवस!"

आईने फोन ठेवला, नवऱ्याला मिठी मारली आणि रडायला लागली. बाबाही रडत होते, पण कारण वेगळं होतं. सुतारकाका, पोस्टमास्तर, शाळेतल्या बाई, सगळी ओळखीची माणसं त्या चाळीस घरांत राहायला जाणार होती, आणि तीही कपांच्या मागच्या पाऱ्याच्या भरवशावर.

"तिला खरं सांगून टाकू," ते म्हणाले.

"सांगू ना. आल्यावर सांगू. आत्ता सांगितलं तर ती येणारच नाही. तोंड दाखवायला लाजेल." आईने डोळे पुसले. "आधी येऊ दे. पोटभर बघू दे मला. मग काय सांगायचं ते सांगा. पण पाहुण्यांसमोर कुडकुडायला नको. घर गरम करा."

घर गरम करायला जुनी लोखंडी शेगडी होती, सुतारकाकांच्या गोदामात पडलेली. बाबांनी आणि सुतारकाकांनी ती ढकलत बैठकीत आणली. प्रश्न धुराचा होता.

"धूर काढायचा कुठून?" सुतारकाकांनी विचारलं. "भिंत फोडू का?"

"फोडू नका, तिला लगेच कळेल," आई म्हणाली. "एवढा मनोरा आहे की डोक्यावर."

"पण वहिनी, त्यातून वारा खाली येतो."

"येऊ दे. वारा खाली येईल, धूर वर जाईल. चांगला रुंद आहे, दोघांना पुरेल."

हवामानाचा अभ्यास केलेल्या माणसाने इथे तोंड उघडायला हवं होतं. पण बाबा तेव्हा टिल्लीच्या खोलीत पडदे लावत होते, आणि बुधवारी वारा पडलेला होता. शेगडी पेटवली तेव्हा धूर शहाण्यासारखा सरळ वर गेला. तासाभरात बैठकीत सतरा अंश झाले. आईने त्या हिवाळ्यात पहिल्यांदा हातमोजे काढले आणि सुतारकाकांना बिनसाखरेचा चहा गोड लागला.

गुरुवारी पाहुणे तीनला यायचे होते. अडीच वाजता वारा उठला, उत्तरेकडून.

आधी शेगडीतून नुसता 'फुस्स' असा आवाज आला. मग मनोऱ्यातून वारा उतरला आणि ज्या कामासाठी तो बांधला होता ते मनोऱ्याने चोख बजावलं. वर गेलेला सगळा धूर त्याने पकडून खाली आणला आणि जाळीच्या भिंतींमधून घरभर सारखा वाटला. एकाही खोलीवर अन्याय झाला नाही. पांढऱ्या भिंती राखाडी झाल्या. आई खोकत खोकत म्हणाली, "खिडक्या उघडा!" उत्तरेच्या भिंतभर खिडक्या उघडल्या. मग आणखी वारा आला आणि शेगडीतून ठिणग्या उडायला लागल्या. सुतारकाकांनी पाण्याची बादली आणून शेगडीवर ओतली. जोराचा चर्रर्र आवाज झाला आणि उरल्यासुरल्या भिंतींवर काळं पाणी उडालं.

बाबांनी सवयीने थर्मामीटर बघितलं. सहा.

दारात गाडी थांबली.

थोरले साहेब उतरले तेव्हा दारातून, खिडक्यांतून आणि छपरावरच्या मनोऱ्यातून धूर निघत होता. उंबऱ्यात तीन माणसं उभी होती, तिघांचे चेहरे काळे, आणि मधल्या बाईंच्या अंगात फुलाफुलांचा झगा.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"साफसफाई," आई म्हणाली. आणि साहेबांना तिथेच सोडून ती धावत गाडीकडे गेली.

टिल्ली उतरली होती. आईने तिला कवेत घेतलं, तिच्या पांढऱ्या कोटावर दोन काळे पंजे उमटवले, मागे सरून बघितलं, पुन्हा कवेत घेतलं. "वाळलीस गं," एवढंच तिला म्हणता आलं.

साहेब आत गेले. दोन मिनिटांत त्यांचे ओठ निळे पडले. ओल्या फरशीवर उभे राहून त्यांनी बैठकीत चारी बाजूंना बघितलं, तळहात चोळले, काखेत घातले, आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "निरीक्षकसाहेब, ते बावीस अंश नेमके कुठे आहेत?"

बाबांनी साहेबांना स्वयंपाकघरात नेलं, कपाट उघडलं, पुढचे कप बाजूला केले आणि बोटाने दाखवलं.

"इथे. संध्याकाळी साडेसहाला. चहा झाल्यावर."

साहेब कपाटाकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच दोन्ही हात कपाटात घातले. "चहा केव्हा करता म्हणालात?"

बाबांनी वहीपण काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. साहेब हात कपाटात ठेवूनच वही वाचत होते, पान उलटायची वेळ आली की बाबा उलटत होते.

"आता तिला कसं सांगायचं, तेवढं तुम्हीच..." बाबा म्हणाले आणि मागे वळले.

टिल्ली बैठकीत मनोऱ्याच्या बरोबर खाली उभी होती. तिने कोट काढून टाकला होता. वरून बर्फासारखा वारा तिच्या तोंडावर पडत होता, केस उडत होते, आणि डोळे मिटून, मान वर करून ती हसत होती. शेजारी आई लटलट कापत तिचा कोट तिच्या खांद्यावर टाकायचा प्रयत्न करत होती आणि ती तो पुन्हा काढत होती.

"राहू दे ना आई. किती छान वाटतंय. किती दिवसांनी!"

मग तिने डोळे उघडले. आईचे निळे ओठ, झग्याच्या गळ्यातून डोकावणारे दोन स्वेटर, काळी भिंत, विझलेली शेगडी, वडिलांच्या हातातलं थर्मामीटर, हे सगळं तिने एकेक करून बघितलं. ती हुशार मुलगी होती. तिला फार वेळ लागला नाही.

"किती आहे?" तिने विचारलं.

"सहा," बाबा म्हणाले. "चूक माझी आहे. मी तुला रोज..."

"माझीच आहे." ती ओल्या शेगडीच्या काठावर बसली. "मी हे घर तुमच्यासाठी काढलंच नाही, बाबा. आत्ता इथे उभी राहिले तेव्हा कळलं. मी वरच्या मजल्यावर राहते, डोक्यावर तापलेला स्लॅब. रात्री भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पाण्याच्या बादलीत पाय घालून मी हे नकाशे काढले. प्रत्येक खिडकी काढताना मनात एकच होतं, इथून आपल्या गावचा वारा येईल. मला इथला वारा आठवायचा. थंडी आठवलीच नाही."

"पण तू तर म्हणायचीस तुझ्या खोलीत सव्वीस असतात," आई म्हणाली.

"रोज सव्वीस," बाबा सावकाश म्हणाले. "मी विचारायचो तेव्हा रोज सव्वीस. मला तेव्हाच कळलं होतं. खरा पारा कधी रोज एकसारखा नसतो."

टिल्लीने मान वर केली. "मग मला बावीस ऐकून कसं नाही कळलं?"

"कारण तुला ते हवं होतं," बाबा म्हणाले. "मलाही सव्वीस हवे होते. म्हणून मीही पुढे विचारलं नाही."

बाबाही तिच्याजवळ शेगडीवर टेकले. आई दोघांच्या मध्ये येऊन बसली, आणि तिघांच्याही कपड्यांची वाट लागली.

थोरले साहेब वही काखेत मारून बाहेर आले. त्यांनी आईची शाल आणि सुतारकाकांची कानटोपी चढवली होती, त्यामुळे ते रागावले आहेत की नाहीत ते नीट दिसत नव्हतं.

"ही घरं बांधली असती तर चाळीस कुटुंबं गोठली असती," ते म्हणाले.

टिल्ली उठून उभी राहिली. "मी राजीनामा देते, सर."

"राजीनामा द्यायला परत यावं लागेल, आणि परत यायला तुला वेळ नाही." त्यांनी वही उघडली. "चार महिने, चार खोल्या, दिवसातून सहा वेळा. कुठल्या वाऱ्याला कुठली भिंत किती गार झाली, सगळं आहे यात. इतका प्रामाणिक कागद मी आमच्या ऑफिसात बघितलेला नाही. या घराच्या बैठकीत शेगडीशिवाय बावीस अंश आणून दाखव. बैठकीत, कपाटात नाही. ते जमेपर्यंत इथून हलायचं नाही. मग ती चाळीस घरं काढ."

ते त्याच संध्याकाळी परत गेले. शाल मात्र घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून टिल्ली, सुतारकाका आणि बाबा कामाला लागले. उत्तरेच्या मोठ्या खिडक्या काढल्या आणि भिंत भरून घेतली. त्याच खिडक्या दक्षिणेला बसवल्या. छज्जा कापून इतकाच ठेवला, की उन्हाळ्यातलं वरचं ऊन अडावं आणि हिवाळ्यातलं तिरपं ऊन आत यावं. छपराखाली लोकरीचे जाड थर घातले. जाळ्या बुजवल्या, दिवसभराचं ऊन पिऊन घेईल अशी काळ्या दगडाची फरशी घातली. मनोऱ्याचं तोंड बंद करून वर जाड काचेचं झाकण बसवलं. "विहिरीला आता निदान आकाश दिसेल," सुतारकाका म्हणाले. संध्याकाळी टिल्ली वडिलांच्या वहीत बोट घालून गावातल्या प्रत्येक घरी जायची. तुमच्याकडे ऊन केव्हा येतं, वारा कुठून लागतो, कुठे बसावंसं वाटतं, असं विचारत बसायची. शहरात ती हे सगळ्यांना विचारायची. आपल्या आईवडिलांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

बैठकीतला पारा चढू लागला. बारा, चौदा, सतरा. आणि पारा जसजसा चढत होता तसतसा आईचा चेहरा उतरत होता. एकोणीस झाले त्या दिवशी ती स्वयंपाकघरात बाबांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"अहो, एखादा अंश कमी लिहिला तर काय बिघडेल?"

बाबांनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. त्यांनाही तेच हवं होतं, हे तिला दिसत होतं. टिल्ली घरात आल्यापासून ते सकाळी उगीचच शीळ घालत होते.

"चाळीस घरं थांबलीत गं," ते शेवटी म्हणाले. "पोस्टमास्तर अजून बहिणीकडे व्हरांड्यात झोपतायत."

आईने मान हलवली आणि भांडी घासायला घेतली. बाबांनी एकोणीस लिहिले. पण अक्षर जरा वाकडं आलं.

हिवाळा सरता सरता एका दुपारी बैठकीत बावीस भरले. तिघांनी आळीपाळीने थर्मामीटर बघितलं. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. चाळीस घरांचे नवे नकाशे तयार होते, ते घेऊन टिल्लीला शहरात जायचं होतं. पाया खणायला वसंत उजाडल्यावर सुरुवात होणार होती. तेव्हा ती येईल, किंवा ऑफिसातलं दुसरं कुणी येईल. सांगता येत नव्हतं.

निघायच्या दिवशी बस साडेतीनची होती. बस चुकली की दुसरी चार दिवसांनी. अडीचला टॅक्सीवाला आला, तेव्हा काचेच्या झाकणातून आणि दक्षिणेच्या खिडक्यांतून बैठकभर ऊन पसरलं होतं. बॅग दाराशी होती. टिल्ली बूट घालून तयार बसली होती आणि आई तिचा हात धरून बसली होती.

"आत तर या," आई टॅक्सीवाल्याला म्हणाली. "गारठला असाल. पाच मिनिटं बसा, चहा घ्या."

"उशीर होईल हो, मावशी."

"पाच मिनिटं."

टॅक्सीवाला पहाटेपासून घाटात गाडी चालवत होता. तो खिडकीजवळच्या खुर्चीत उन्हात बसला, मफलर सैल केला, पाय लांब केले. खालून काळी फरशी ऊब देत होती. "काय घर आहे हो," तो म्हणाला. आई चहा घेऊन आली तोवर त्याची मान छातीवर टेकली होती.

तीन वाजले. टॅक्सीवाला संथ लयीत घोरत होता. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेआठची आणि साडेपाचची वेळ त्यांनी आयुष्यात एकदाही चुकवली नव्हती. ते घसा खाकरणार, असं टिल्लीला वाटलं. त्यांनी घसा खाकरला नाही. चष्मा काढला, रुमालाने पुसायला घेतला, आणि पुसतच राहिले.

सव्वातीनला उन्हाचा पट्टा सरकत सरकत टॅक्सीवाल्याच्या चेहऱ्यावर आला. त्याच्या पापण्या हलल्या. आई चवड्यांवर उठली, खिडकीपाशी गेली आणि ऊन डोळ्यांवर येऊन त्याला जाग येऊ नये म्हणून पडदा बोटभर ओढला.

टिल्लीने ते बघितलं. मग खाली वाकून, आवाज होऊ न देता, तिने एकेक करून पायांतले बूट काढले.